आमच्या वायफायवरचा बालाजी

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. करत नाही ना? माहीतच होतं. बरं, हसा. फक्त कप हळू ठेवा. कप आपटल्याच्या आवाजानंसुद्धा मी दचकते, आणि मी दचकले की काय होतं हेच तर सांगायचंय.

कुकरची शिट्टी होणार हे मला माहीत असतं, कुकर मीच लावलेला असतो, तरी पहिल्या शिट्टीला मी जागच्या जागी उडते. एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांना शिंक आली आणि माझ्या हातातली सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी फुटली. तरी पास झाले, तेही पहिल्या वर्गात. आता लातुरात जीवशास्त्र शिकलेल्या माणसाला शिकवायचं काम मिळत नाही, असं कधी ऐकलंय? आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरावर डॉक्टर बनवून देण्याची पाटी आहे. पण मला मिळेना. कारण डेमो.

डेमो म्हणजे क्लासवाले कामावर घेण्याआधी पंधरा मिनिटं शिकवून दाखवायला लावतात ते. पहिल्या डेमोत मागच्या बाकावरच्या सरांचा मोबाईल वाजला आणि मी हृदयाला पाच कप्पे दिले. दुसऱ्यात पंख्याला काहीतरी अडकलं, खट्ट झालं, आणि मी सरळ दाराबाहेर. शिपायानं मला जिन्यावरून परत आणून वर्गात सोडलं.

ही दाराबाहेर पळायची सवय मात्र माझी एकटीची नाही. ती अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची देणगी.

अप्पांनी तरुणपणी भूकंप पाहिला. मी त्यानंतरची, पण आमच्या घरात तो भूकंप अजून राहायला आहे. घर बांधताना गवंड्यानं सांगितलं त्याच्या दुप्पट लोखंड अप्पांनी घातलं. गवंडी म्हणाला होता म्हणे, "काका, घर बांधायलाव का पूल?" आणि हॉलमधल्या लोखंडी कपाटावर स्टीलचे पाच ग्लास एकावर एक उलटे रचून ठेवलेले असतात, सगळ्यात वर ताटली. भूकंपानंतर आमच्या भागात घरोघरी अशी भांडी रचायचे. जमीन हलली की आधी ती पडणार, आवाज होणार, माणसं जागी होणार. बाकीच्यांची भांडी केव्हाच मांडणीवर परत गेली. आमचे ग्लास अजून वरच आहेत.

नियम एकच. ग्लास पडले की विचारायचं नाही, काही उचलायचं नाही, समोरच्या मोकळ्या प्लॉटवर पळायचं.

वरच्या मजल्यावर क्लासच्या आठ मुली राहतात. मुलगी राहायला आली की अप्पा आधी तिला पळवून बघतात, मग किल्ली देतात. सोबत कोणी आलेलं असेल तर त्यांनाही पळवतात. मुदखेडच्या एका मुलीचे आजोबा प्लॉटवर पोचून धापा टाकत म्हणाले होते, "खोलीचं भाडं ऱ्हाऊ द्या, आधी पाणी द्या."

या मुलींच्या आईवडिलांचे प्रश्नही ठरलेले. पहिला, पाणी किती वेळ येतं? दुसरा, वायफाय आहे का? आहे म्हटलं की समाधानानं मान हलवतात आणि लगेच सांगतात, "असू द्या, पण आमच्या पोरीला देऊ नका." म्हणून मुलींचे फोन दिवसभर कपाटात. संध्याकाळी सात ते आठ फोन मिळतात आणि नेटही. या एका तासाची राखणदार मी. माझ्या फोनवर एक ॲप आहे, त्यात आमच्या वायफायला कोण कोण जोडलेलं आहे त्याची यादी दिसते. नको असेल त्याला एका बोटानं बाहेर काढता येतं. घाबरट माणसाच्या हातात एवढी सत्ता देऊ नये. पण दिली होती.

तर तिसरा डेमो. नांदेडच्या एका क्लासची लातूरला शाखा आहे, तिथं जीवशास्त्राला मॅडम हव्या होत्या. वरच्या आठांपैकी अश्विनी त्याच शाखेत जायची. या वेळी डेमो ऑनलाइन होता. समोर बाक नाही, कुणाचा मोबाईल नाही, पंखा आपला ओळखीचा. आई म्हणाली, "घरात बसून द्यायचाय, आता कशाला भितीस?" अप्पा मात्र वेगळं बोलले. "हे जमलं तर जमलं. न्हाई तर तुझी मावशी बिलोलीचं स्थळ घेऊन बसलीच हाय." म्हणजे बघा काय पणाला लागलं होतं.

विषय त्यांनीच दिला होता. रोगप्रतिकारशक्ती, आणि त्यातला ऑटोइम्युनिटीचा भाग. म्हणजे शरीर स्वतःच्याच पेशींना परकं समजतं आणि त्यांच्यावर तुटून पडतं ते. खाली एक ओळ होती: उदाहरण घरगुती हवं, गावाकडच्या मुलांना लगेच कळेल असं. मी आठवडाभर उदाहरण शोधत होते.

"सासू-सुनेचं दे," आई म्हणाली.

"आई, सासू-सून एकमेकींना चांगलं ओळखतात, तरी भांडतात. इथं ओळखच पटत नाही म्हणून भांडण व्हायला हवं."

"असं कुठं असतं?" असं म्हणून ती भाकरी थापायला गेली.

शनिवारी दिवेलागणीला मी लॅपटॉप मांडीवर घेऊन आकृत्या लावत बसले होते. हा लॅपटॉप माझ्या मामेभावानं नांदेडहून आणून दिलेला. सेकंडहँड. कुठल्यातरी ऑफिसनं जुनं सामान काढलं त्यातला. चार्जर काढला की दहा मिनिटांत मान टाकतो, पण स्वभावानं गरीब. झाकण उघडलं की चालू. नाव विचारत नाही, गाव विचारत नाही.

उद्या ऐनवेळी नेट हळू व्हायला नको, म्हणून मी फोनवर ती यादी उघडली. माझा फोन. अप्पांचा. आईचा. टीव्ही. मुलींचे आठ फोन. आणि सगळ्यात खाली एक नाव.

बालाजी-पीसी.

आता आमच्याकडे बालाजी हे नाव किती आहे, ते बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. नांदेड-लातूरच्या कुठल्याही बसमध्ये "ओ बालाजी" म्हणून हाक मारा, ड्रायव्हरसकट सहा जण मागं बघतील. पण आमच्या घरात एकही बालाजी नाही. आणि पीसी म्हणजे कॉम्प्युटर, एवढं मला कळतं. मुलींकडे कॉम्प्युटर नाही. अप्पांकडे नाही. आईकडे तर नाहीच नाही. म्हणजे बालाजी नावाचा कोणी पुरुष, कॉम्प्युटर घेऊन, मुली राहतात त्या घराच्या वायफायवर बसलेला आहे.

मांडी गरम लागायला लागली. भीतीनंच लागत असणार, असं मला वाटलं.

नावासमोर लाल अक्षरांत बटण होतं: ब्लॉक. आयुष्यात इतक्या ठामपणे मी कुठलंच बटण दाबलेलं नाही. बालाजी गेला. मी खुशीत आकृत्या पुऱ्या केल्या, त्या लॅपटॉपमध्येच होत्या, त्यांना नेट लागत नव्हतं. अप्पांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते काठी घेऊन गच्चीवर जाऊन बसले असते.

रविवारी डेमो बारा वाजता होता. नऊला लॅपटॉप उघडला तर वायफायच्या खुणेवर फुली. 'या नेटवर्कशी जोडता येत नाही.' बंद करून चालू केला. जोडता येत नाही. पासवर्ड पुन्हा टाकला. येत नाही. विमानाचं ते चित्र दाबलं, पुन्हा दाबलं. दाराबाहेर जाऊन कनेक्शन देणाऱ्या कंपनीला फोन लावला तर तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करा." तुम्ही म्हणाल, फोनचा हॉटस्पॉट का नाही लावलास? लावला ना. पण अप्पांनी घरात एवढं लोखंड भरलंय की मोबाईलची रेंज दारातच चप्पल काढून बाहेर बसते. म्हणून तर वायफाय घेतलं. आणि बाहेर जाऊन बसावं तर लॅपटॉपची मान.

फोनला नेट येत होतं, पण आकृत्या सगळ्या लॅपटॉपमध्ये. टीव्हीला येत होतं. फक्त माझ्या लॅपटॉपला नाही. कुठल्याही शहाण्या माणसाला वाटलं असतं, लॅपटॉपचं काहीतरी बिघडलंय. मला वाटलं, बालाजीनं सूड घेतला.

विचार करा ना. काल संध्याकाळी मी त्याला काढलं, आज सकाळी मी बाहेर. माणूस हुशार दिसत होता. त्याला डेमोची वेळसुद्धा कळलेली असणार.

अप्पा बेसिनपाशी दाढी करत होते. मी मागं जाऊन उभी राहिले.

"अप्पा, आपल्या वायफायवर बालाजी आहे."

"कोणचा बालाजी?"

"तेच तर कळेना. कॉम्प्युटर घेऊन बसलाय. काल मी त्याला काढला, तर आता तो मला आत येऊ देईना."

"बसलाय कुठं?"

"ते दिसत नाही. पण आपली रेंज घरापुरतीच आहे."

अप्पांचा वस्तरा गालावर थांबला. "म्हंजे घरात हाय?"

"किंवा घराला लागून."

"वरच्या मजल्यावर?"

इथं मी 'तसं नाही हो अप्पा' म्हणायला हवं होतं. मी गप्प बसले. घाबरट माणसाचं गप्प बसणं फार वाईट, ऐकणाऱ्याला त्यातून वाट्टेल ते ऐकू येतं. अप्पा अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून जिन्याशी गेले आणि आठही मुलींना खाली बोलावलं. त्या दिवशी टेस्ट दुपारी होती, सगळ्या घरातच होत्या.

"लेकरांनो, खरं सांगायचं. कोणी रागवणार न्हाई. बालाजी कोण हाय?"

अश्विनी पुढं आली. ही रेणापूरची, शेतकऱ्याची मुलगी, आठांमध्ये सगळ्यात गरीब स्वभावाची. ती रडायलाच लागली.

"काका, पप्पा."

"पप्पाचं काय?"

"पप्पांचं नाव बालाजी आहे."

"माझ्या मामाचं पण," मागची एक म्हणाली.

"काका, आमच्या फिजिक्सच्या सरांचं पण."

अप्पांनी हात वर करून बाकीचे बालाजी थांबवले. "अश्विनी, तुझ्या वडलाकडं कॉम्प्युटर हाय का?"

"काका, त्यांच्याकडं दोन म्हशी आहेत."

यावर कोणीही थांबलं असतं. पण मी अप्पांना बाजूला घेतलं. "अप्पा, बापाच्या नावानं घेतलेला कॉम्प्युटर तिनं ट्रंकेत लपवला असेल तर? उगाच कशाला रडेल?" हे मी बोलले. माझ्या या तोंडानं बोलले. मुलगी रडते म्हणजे दोषी, हा शोध मी लावला, आणि मी स्वतः तर जाहिरात बघूनसुद्धा रडते.

अप्पांनी दाराबाहेर जाऊन रेणापूरला फोन लावला. "बालाजीराव, फिकीर करू नका. पण लगेच या."

आमच्याकडे याच्याइतकं भीतीचं वाक्य दुसरं नाही.

ट्रंक उघडली. त्यात पुस्तकं, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा आणि एक हिरवा स्वेटर निघाला. साडेदहा वाजून गेले. मला कंपनीच्या त्या मुलीचे शब्द आठवले. राउटर बंद करून चालू करा. राउटर कुठं आहे? हॉलमधल्या लोखंडी कपाटावर. कशाच्या मागं? पाच ग्लासांच्या.

मी स्टुलावर चढले, हात मागं घातला, वायर ओढली. पाचही ग्लास ताटलीसकट फरशीवर आले.

आता नीट ऐका. ग्लास माझ्या कोपरानं पडले. पडताना मी डोळ्यांनी बघितले. जमीन हललेली नाही, हे त्या क्षणी साऱ्या लातुरात कुणाला नक्की माहीत असेल तर ते मला. तरीही प्लॉटवर सगळ्यात आधी पोचले ती मी. अनवाणी. राउटर छातीशी धरलेला, मागं वायर शेपटीसारखी फरफटत.

माझ्यामागं आठ मुली आल्या, शिकवल्याप्रमाणे. मग आई, गॅस बंद करून. मग अप्पा, अर्धी दाढी वाळलेली. समोरच्या बिल्डिंगमधली पोरं बाहेर पडली, बाजूचे भाडेकरू आले. कोचिंगच्या गल्लीत एक पळालं की शंभर पळतात, त्यांना वाटतं कुठंतरी नव्या नोट्स आल्या. पाच मिनिटांत प्लॉट भरला. कोणी म्हणालं मला झटका जाणवला. कोणी म्हणालं दोन जाणवले.

"हललं का, काका?" प्लॉटच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं विचारलं.

"हललं. टाइम लिहून ठेव," अप्पा म्हणाले.

"अप्पा," मी म्हटलं, "हललं नाही."

"मंग ग्लास कसे पडले?"

"माझा कोपर लागला."

सगळा प्लॉट माझ्याकडे बघायला लागला. अप्पांची नजर माझ्या छातीशी गेली. "आन् हे काय धरलंय?"

"राउटर."

"काही उचलायचं न्हाई," अप्पा दातओठ खात म्हणाले, "हा नियम हाय न आपला?" भूकंप खोटा होता याचं नाही, राउटर उचलला याचं त्यांना वाईट वाटलं होतं.

तेवढ्यात गर्दीतून एक पोरगा ओरडला, "ए बालाजीभाऊ, माझे चाळीस पानं काढायचे ऱ्हायलेत."

अप्पा गर्रकन वळले. "तुझं नाव बालाजी."

"काका," झेरॉक्सवाला म्हणाला, "सात वर्षं झाली, तुम्ही मला त्याच नावानं हाक मारायलाव."

"तुझ्याकडं कॉम्प्युटर हाय."

"दुकान हाय काका. दोन हायेत."

"दुकानापासून आपली भिंत वीस पावलं आहे, अप्पा," मी हळूच सांगितलं. सांगितलं ना मी, सत्ता देऊ नये.

आणि त्याच वेळी धुरळा उडवत एक मोटारसायकल प्लॉटवर आली. तिच्यावरून गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला माणूस उतरला. पायात एकच चप्पल.

"माझी लेक कुठाय?"

"पप्पा," म्हणून अश्विनी धावली.

"धडधाकट हाय न्हवं? मंग काका, फिकीर करू नका कामून म्हन्लाव? माझा जीव रस्त्यातच गेला की. काय झालंय?"

"बालाजीनं घात केलाय," अप्पा म्हणाले.

"कोन बालाजी?"

"तेच शोधायलो."

"म्या बालाजी," रेणापूरकर म्हणाले.

"मी पण," झेरॉक्सवाला म्हणाला. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला.

मग अप्पांनी वायफायचं सगळं प्रकरण सांगितलं. रेणापूरच्या बालाजीरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला त्यातलं काईच कळत न्हाई बगा. म्या सकाळपसून मोटार चालू करायलो, पान्याची. आन् पोरीला वायफाय देऊ नका म्हनून तुमाला सांगितलं कोनी? म्याच ना?"

सव्वाअकरा वाजले होते. डेमोला पाऊण तास, राउटर माझ्या हातात, लॅपटॉप घरात, आणि दोन बालाजी समोर, दोन्ही निर्दोष. मी तिथंच विटांच्या ढिगावर बसले आणि रडायला लागले. बिलोलीचं स्थळ डोळ्यांपुढं आलं. त्या स्थळाचं नावही बालाजीच असणार.

"ताई, रडू नका," झेरॉक्सवाला म्हणाला. "आणा तो राउटर. घरात चला."

घरात त्यानं राउटर लावला, दिवे लागले. माझा फोन मागितला, यादी बघितली. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन खुर्चीत. आई-अप्पा मागं, बालाजीराव दारात, मुली जिन्यावर ओळीनं.

"याला ब्लॉक कोणी केलं?"

"मी. काल संध्याकाळी."

"तेव्हा तुम्ही काय करायलाव होता?"

"लॅपटॉपवर बसले होते."

"आणि लॅपटॉप कवापासून चालंना?"

"सकाळपासून. म्हणजे काल ब्लॉक केल्यानंतर नेटवर गेलेच नाही."

वाकून त्यानं लॅपटॉपवर दोन-तीन ठिकाणी टिचक्या मारल्या, एक पान उघडलं, बघितलं, आणि ओठ दाबून धरले. मग स्क्रीन अप्पांकडे वळवली. "काका, तुम्हीच वाचा."

अप्पांनी चष्मा लावला. "डिव्हाइसचं नाव," ते सावकाश वाचायला लागले. "बालाजी… पीसी."

अप्पांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"ताई," झेरॉक्सवाला म्हणाला, "तुमचा बालाजी कालपासून तुमच्याच मांडीवर बसलाय."

नांदेडच्या त्या ऑफिसातला कोण बाबू असेल, तो गेला, यंत्राला नाव देऊन गेला. आणि मी माझ्याच घरातून माझाच लॅपटॉप हाकलून, त्याचा गुन्हेगार रेणापूरपर्यंत शोधून आले होते.

"म्हंजी सापडला का त्यो?" दारातून बालाजीरावांनी विचारलं.

"सापडला."

"कुठाय?"

सगळ्यांनी माझ्या मांडीकडे बघितलं. बालाजीरावांनीही बघितलं. "मंग मारायचं कुनाला?" ते म्हणाले.

एका बोटानं काढलेला बालाजी एका बोटानं परत आला. नेट लागलं. बारा मिनिटं उरली होती. मी अश्विनीची माफी मागितली. अगदी मनापासून. ती म्हणाली, "असू द्या, ताई." पण तेव्हा तिच्या डोळ्यांत एक चमक होती, तिचा अर्थ मला त्या वेळी लागला नाही.

अप्पांनी मग काय केलं असेल? सगळ्यांना स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. कुकरची शिट्टी काढून खिशात घातली. घराची बेल बंद केली. पाचही ग्लास ओट्यावर नेऊन ठेवले. माझ्या आठवणीत कपाटाचा माथा त्या दिवशी पहिल्यांदा ग्लासांशिवाय दिसला. मला म्हणाले, "एक तास भूकंप झाला तरी चालंल. तू शिकव." अर्धी दाढी अजून तशीच होती.

बाराच्या ठोक्याला मी जोडले गेले. पडद्यावर तीन गंभीर चेहरे. मधले चष्मेवाले संचालक.

"नमस्कार, बालाजी सर. तुम्ही थोडं थांबा, आधी एका मॅडमचा डेमो आहे."

मी माझ्या चौकटीखाली बघितलं. तिथंही तोच. त्या प्रोग्रॅमनं यंत्राचं नाव आपणहून उचललं होतं.

"सर, मीच ती मॅडम."

"मग बालाजी कोण आहे?"

"म्या हाय हितं," स्वयंपाकघरातून आदबीनं आवाज आला.

"मी पण," दुसरा आवाज.

संचालकांनी चष्मा काढला. एरवी मी इथं दाराबाहेर असते. पण खरं सांगते, त्या सकाळी माझ्यातलं सगळं दचकणं खर्चून गेलं होतं. शिल्लकच काही नव्हतं. आकृत्या बाजूला राहिल्या. मी म्हटलं, "सर, तुम्ही घरगुती उदाहरण मागितलं होतं. सांगू?"

आणि सगळं सांगितलं. शरीर म्हणजे आमचं घर. पांढरी पेशी म्हणजे मी, हातात यादी घेऊन बसलेली, कोण आपलं कोण परकं ते बघणारी. बालाजी-पीसी म्हणजे आपल्याच शरीराची पेशी, फक्त तिचं नाव पांढऱ्या पेशीला ओळखू आलं नाही. तिनं ब्लॉक दाबलं. शरीराचा एक अवयव बंद पडला. आता पांढऱ्या पेशीला वाटलं का, की चूक आपली? नाही, तिला वाटलं शत्रू फार ताकदवान आहे. मग सूज आली. सूज म्हणजे आमचे अप्पा. मग ताप आला. ताप म्हणजे सगळी गल्ली प्लॉटवर. आणि या सगळ्यात ज्या निरोगी पेशींनी काहीच केलेलं नव्हतं, त्यांनाही त्रास झाला. एक वर राहते, एक झेरॉक्स काढते, आणि एक एका चपलेवर रेणापूरहून आली.

पंधरा मिनिटं कधी संपली कळलं नाही. मी थांबले. समोर काहीच आवाज नाही. तिघंही खाली मान घालून बसलेले. मला वाटलं गेलं, नेट पुन्हा गेलं. आता कुठला बालाजी?

नेट गेलं नव्हतं. तिघांनी आपापला आवाज बंद केला होता आणि खांदे हलत होते. शेवटी संचालकांनी डोळे पुसत बटण दाबलं. "मॅडम, उदाहरण घरगुती हवं म्हटलं होतं. पण इतकं घरगुती असेल असं वाटलं नव्हतं. सोमवारपासून या."

स्वयंपाकघरात टाळ्या वाजल्या. मी दचकले.

तर अशी मला नोकरी लागली. लॅपटॉपचं नाव मी अजून बदललेलं नाही. शाखेच्या वेळापत्रकावर मात्र पहिल्या दिवशीच कुणीतरी माझ्या नावाऐवजी 'बालाजी मॅडम' लिहिलं, ते अजून पुसलं गेलेलं नाही. झेरॉक्सवाल्या बालाजीभाऊंकडे आता माझ्याच नोट्सच्या प्रती निघतात, आणि अप्पा त्यांना हाक मारताना अजून एक क्षण थांबतात.

दोन महिन्यांनी वर्गात तो धडा आला. शंभर-सव्वाशे मुलं समोर. मी व्याख्या लिहून दिली आणि सवयीनं विचारलं, "याचं एखादं घरगुती उदाहरण कोण देईल?" मनात माझं तयार होतं, नावं बदलून, स्वतःला जरा शहाणं करून.

पहिल्या बाकावरून एक हात वर झाला. हिरव्या स्वेटरमधला. डोळ्यांत तीच चमक.

"मॅडम," अश्विनी म्हणाली, "मी सांगू? सगळं माहिताय मला."

काय करता? मी खडू ठेवला आणि खुर्चीत बसले.